कणगी उतू गेली

अहंगम,
२० मे १९९६

प्रिय लोकु अम्मा,

तुझं एप्रिलमधल्या नव्या वर्षाचं पत्र वेसाक पौर्णिमेच्या तोंडावर मिळालं. त्यात नेहमीसारख्या चार शिव्या आणि एक आशीर्वाद होता, सगळं सुखरूप पोचलं. आई गेल्यापासून मला हक्काने शिव्या घालणारी तिची थोरली बहीण तेवढी उरली आहे, तेव्हा हात आखडता घेऊ नकोस.

आता कामाचं. आमच्या संग्रहालयाला तू 'मडक्यांचं दुकान' म्हणतेस, म्हण. पण एकदा येऊन बघ. नांगर आहे, जू आहे, सुपं, उखळं, मुसळं, खवण्या, बैलांच्या घंटा, भुतांचे मुखवटे, बायका भोवती बसून वाजवतात त्या रबाना, सगळं आहे. महप्पांनी, म्हणजे तुझ्या रागीट नवऱ्याने, मागे दिलेलं हीनटी भाताचं बी आम्ही मागच्या वाफ्यात दर वर्षी लावतो, शाळेच्या मुलांना रोप कसं दिसतं ते कळावं म्हणून. मुलं मळणीचं खळं बघतात आणि विचारतात, "मिस, मग भात ठेवायचे कुठे?" मी भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवते. कारण कणगी नाही. अख्ख्या दक्षिणेत धड उभी असलेली एक कणगी मला सापडली नाही. लोक आता भात पोत्यात ठेवतात आणि पोतं पलंगाखाली सारतात.

तुमच्या अंगणात आहे ती. दगडाच्या पायांवर उभी, वेताने विणलेली, शेणमातीने लिंपलेली, डोक्यावर गवताची टोपी घातलेली. लहानपणी मला ती घरातली सगळ्यात जाडी बाई वाटायची.

ती आम्हाला द्याल का? नीट उतरवून, लॉरीतून आणून, जशीच्या तशी उभी करू. महप्पांना हे सांगायची जबाबदारी तुझी. मी इथे समुद्राच्या काठाशी सुरक्षित आहे.

तुझी,
सेव्वंदी


गल्वेव, निकवेरटियजवळ,
१६ जून १९९६

लाडके सेव्वंदी,

तुझं पत्र मी चुलीपाशी बसून वाचत होते आणि हसत होते. महप्पांनी विचारलं, "काय एवढं?" मी म्हटलं, "तुमची पोरगी आपल्या जाडीला मागणी घालतेय." त्यांनी पत्र हातातून ओढून घेतलं, चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि मग अंगणात जाऊन कणगीला टेकून विडा चघळत बसले. जेवायला हाक मारली तरी येईनात.

शेवटी म्हणाले, "तिला लिही, कणगी म्हणजे काय पुतळा आहे? तिच्या पोटात काही असेल तर ती कणगी. तुमच्या खोलीत ती बिनपोटाची उभी राहणार आणि पोरं तिच्यावर टिचक्या मारणार."

मी म्हटलं, "अहो, मग इथे काय करते आहे?" हे मी बोलायला नको होतं. तलाव खाली गेलाय, सेव्वंदी. मधला तो मोठा दगड, ज्याच्यावर तुझी आई कपडे धुवायची म्हणून सांगते ना मी, तो आता कोरड्यात आहे, म्हशी त्याला अंग घासतात. मागचा हंगाम हातचा गेला आणि हा हंगाम पेरलाच नाही कुणी. पावसाला आमच्या गावाचा पत्ता कुणी दिलेला नाही. पण तू काळजी करू नकोस, परसात फणस आहे, आणि मला फणसाचे सतरा प्रकार येतात. तुझे महप्पा पहिल्या दोन प्रकारांवरच कंटाळले, ती गोष्ट वेगळी.

खळ्याचं लिहिलंस म्हणून आठवलं. तू एवढीशी होतीस, मळणीच्या दिवशी खळ्यावर उभी राहून ओरडलीस, "भात संपला!" महप्पांनी तुला काखोटीला मारून थेट तलावाच्या बांधावर नेऊन सोडलं. तू अशी रडलीस की दोन गावांना कळलं. त्यांनी मग तुला गूळ दिला आणि काय बोलायचं ते शिकवलं. आता संग्रहालयात बसून लोकांना खळं दाखवतेस, तर तिथे तरी नीट बोल हं.

कणगीचं अजून 'नाही' आहे. पण पहिल्या 'नाही'त आणि आताच्या 'नाही'त मला थोडा फरक ऐकू येतो. तू पुन्हा लिही.

बुद्धाची सावली तुझ्यावर असो.
तुझी लोकु अम्मा, यसवती


अहंगम,
९ जुलै १९९६

प्रिय लोकु अम्मा,

पुन्हा लिहिते. महप्पांना सांग, टिचक्या मारणाऱ्या पोरांचे कान मी स्वतः पिळीन. आणि त्यांचं बोलणं मला पटलं, म्हणून मी मोठ्या साहेबांशी भांडून एक गोष्ट मिळवली आहे. कणगी आली तर तिच्यात दर वर्षी वाफ्यातल्या भाताच्या दोन लोंब्या तरी ठेवायच्या. साहेब म्हणाले, "किडे होतील, उंदीर येतील." मी म्हटलं, "मग मांजर पाळू." मांजर पाळलंय. कणगीच्या आधीच आलंय आणि मुखवट्यांच्या खोलीत झोपतं.

आता एकच प्रश्न आहे आणि तो साहेबांनी लेखी मागितलाय. कणगी सध्या कोणत्या अवस्थेत आहे? तिच्यात भात असेल तर ती उतरवता येणार नाही, वेत फाटेल, मग पुढच्या मळणीनंतर बघावं लागेल. नसेल तर मी दोन आठवड्यांत लॉरी घेऊन येते. तेवढं मला स्पष्ट कळव.

आणि फणसाचे सतरा प्रकार एकदा लिहून पाठव. मला दोनच येतात, कच्चा आणि करपलेला.

तुझी,
सेव्वंदी


गल्वेव,
११ ऑगस्ट १९९६

लाडके सेव्वंदी,

महप्पा 'हो' म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. सकाळी उठले, कणगीभोवती एक फेरी मारली, तिला हात लावला आणि म्हणाले, "लिही तिला, ने म्हणावं." मग म्हणाले, "कणगीबद्दल लिहितेस तर कणगीला शोभेल अशा भाषेत लिही." ते इथे शेजारीच बसलेत, म्हणून त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिते.

तुझ्या साहेबांना कळव, कणगी उतू गेली आहे. घरातले तांदूळही उतू गेलेत. मीठ अजून थोडं उतू जायचं आहे, ते या आठवड्यात जाईल. मागच्या बाजूला टांगलेल्या बियाच्या पेंढ्या होत्या, त्याही गेल्या आठवड्यात उतू गेल्या. तेव्हा यायचं तर ये. उशीर करू नकोस.

फणसाचे प्रकार नंतर लिहीन.

तुझी लोकु अम्मा


अहंगम,
३ सप्टेंबर १९९६

प्रिय लोकु अम्मा, प्रिय महप्पा,

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं! साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना तर वाटलं होतं, उत्तरेत यंदा सगळं करपलं असेल. मी म्हटलं, "माझ्या महप्पांना तुम्ही ओळखत नाही. तलाव कोरडा असला तरी त्यांची कणगी उतू जाते." लोकु अम्मा, जूनमध्ये तू मला उगाच घाबरवलंस, आणि मीही भाबडी, आठवडाभर तुमचीच काळजी करत होते.

तेव्हा आता घाई नको. भरल्या कणगीला हात लावणं हे पाप आहे, ते साहेबांनाही मान्य आहे. लॉरी रद्द केली. पुढच्या वर्षी मार्चमधल्या मळणीनंतर निवांत बघू.

आमच्या वाफ्यात यंदा हीनटी मस्त आली. एवढासा वाफा, पण दोन पोती निघाली, बी वेगळं काढून मडक्यात ठेवलंय. मी तुम्हाला थोडं पाठवणारच होते, पण तुमच्याकडेच उतू चाललंय तर समुद्रात पाणी कशाला ओतू?

आता एक विनंती. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला संग्रहालयाचा वाढदिवस आहे. लोकु अम्मा, तू ये. महप्पा येणार नाहीत हे मला माहीत आहे, ते त्यांच्या जाडीला सोडून कुठे जातात? पण तू ये. कणगी कुठे उभी राहणार ती जागा तुझ्या डोळ्यांनी बघ. स्टँडवर मी घ्यायला येते.

तुमचा खूप अभिमान वाटणारी,
सेव्वंदी


अहंगम,
२७ ऑक्टोबर १९९६

अहो,

सुखरूप पोचले. बसमध्ये एका बाईने माझ्या मांडीवर कोंबडी ठेवली आणि कुरुणेगलला उतरताना विसरून गेली. मी खिडकीतून ओरडले तेव्हा तिने परत येऊन कोंबडीलाच शिव्या दिल्या. बाकी प्रवास चांगला झाला.

मला इथे का पाठवलंत ते मला माहीत आहे. घरात एक तोंड कमी. "जा, पोरगी बोलावतेय, मान राख," म्हणालात, आणि नाचणीचं उरलेलं पीठ माझ्याच पिशवीत बांधलंत. ते मी रांजणामागे ठेवून आलेय. बघा. भाकरी थापता येत नसली तर पेज करा, आणि ती चुलीवर ठेवून कणगीशी गप्पा मारायला जाऊ नका, करपते.

पोरीने पहिल्याच दिवशी पान वाढलं. लाल तांदूळ, नारळाची चटणी, मासे. मी पहिला घास तोंडात घातला आणि गिळता येईना. तिला वाटलं काटा लागला. मी म्हटलं, हो.

तिच्या पत्राबद्दल तुम्ही काहीही बोलू नकोस म्हणालात, मी बोलले नाही. ते पत्र वाचून तुम्ही आधी हसलात आणि मग चष्मा काढून ठेवलात, ते मी विसरलेले नाही. "तिला आनंद झालाय तर होऊ दे," म्हणालात. झाला होता. तिने घराच्या शेजाऱ्यांनासुद्धा सांगून ठेवलंय की आमच्याकडे भात उतू चाललाय. ते लोक माझ्याकडे जमीनदारीण असल्यासारखं बघतात.

आता त्या जागेबद्दल. तुम्ही मला सांगितलं होतं, "तिथे नीट बघ, वस्तूंना कसं वागवतात ते बघ, मग ठरवू." मी नाक मुरडायची पूर्ण तयारी करून गेले होते. अहो, मला नाक मुरडायला जागाच सापडली नाही.

सुपं भिंतीवर टांगली आहेत, पण पोटाची बाजू बाहेर, पालथी नाहीत. उखळाच्या तोंडावर कुणी पाय देऊ नये म्हणून त्यावर सूप झाकलंय. दिव्यात वात आहे, तेल आहे, आणि ते तेल कालचं आहे. बोट बुडवून पाहिलं मी. चटया गुंडाळून उभ्या आहेत, आडव्या टाकलेल्या नाहीत. माझ्या आईची होती तशी अडकित्ता-चुनाळूची जोडी तिथे काचेत आहे, आणि चुनाळूची साखळी अडकित्त्याला बांधलेली आहे, हरवू नये म्हणून आपण बांधतो तशी. हे ज्याने मांडलं त्याने कधीतरी कुणाच्या तरी आजीचा ओरडा खाल्लेला असणार. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! मला वाटत होतं, आपण गेलो की हे सगळं सरपणात जाणार. आणि इथे कुणीतरी रोज सकाळी त्याची धूळ पुसतं.

मुखवट्यांच्या खोलीत बहिरेपणाच्या भुताचा मुखवटा बघितला आणि तुमची फार आठवण झाली.

खवणी दिसली, तर मी सवयीने तिच्यावर बसले. पाय दुखत होते. तेवढ्यात शाळेच्या मुलींची रांग आली. त्यांच्या बाईंनी सांगितलं, "हात लावायचा नाही, फक्त बघायचं." सगळ्या मुली माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. एकीने हळूच विचारलं, "टीचर, ही आजी पण जुनी आहे का?" मी म्हटलं, "जुनी आहे, पण अजून काचेत घातलेली नाही." त्या किंचाळल्याच. मग नारळ मागवला आणि खवून दाखवला. अर्धा नारळ त्यांनीच खाल्ला.

रबान होती. मी वाजवून पाहिली तर आवाज ओल्या पोत्यासारखा. मी म्हटलं, "निखारे आणा, तापवल्याशिवाय ही बोलायची नाही." मला वाटलं, नाही म्हणतील, काय काय नियम असतात. पण त्यांचे मोठे साहेब स्वतः शेगडी घेऊन आले. चामडं तापलं, आणि झाडलोट करणाऱ्या दोघी, तिकिटं फाडणारी एक आणि मी अशा चौघी भोवती बसलो. अहो, माझे हात विसरले नव्हते. नवीन वर्षाला आपल्या अंगणात वाजायची तशी वाजली. बाहेर रस्त्यावर सायकली थांबल्या. किती वर्षांत माझ्या हातांना एवढा आनंद झाला नव्हता.

आणि मग खळ्याची खोली.

सेव्वंदी त्या शाळेच्या मुलींना सगळं समजावून सांगत होती. मी मागे उभी होते, तिला बघत होते. तिच्या आईसारखीच मान वाकडी करून बोलते. मातीचं खळं सारवलेलं, मध्ये बरकतीसाठी शंख पुरलेली जागा, बैल लाकडाचे पण घंटा खऱ्या. भिंतीवर मोठी पाटी आहे, 'खळ्यावरची भाषा'. ती पाटी सेव्वंदीनेच लिहिली आहे, खाली तिचं नाव आहे. ती मुलींना म्हणाली, "खळ्यावर काही शब्द उच्चारायचे नसतात. बरकत जाते असं आपले लोक मानायचे. मी लहान असताना एकदा चुकले होते, तेव्हा माझ्या महप्पांनी मला बांधावर नेऊन सोडलं." मुली हसल्या. मग ती पाटी वाचायला लागली.

"खळ्यावर आणि कणगीपाशी 'पुष्कळ आहे' असं म्हणू नये. पुष्कळ असेल तर 'थोडंसं आहे' म्हणावं. तसंच, 'संपलं' असं म्हणू नये. संपलं असेल तर..."

आणि थांबली.

मुलींना वाटलं ती त्यांना उत्तर विचारतेय. एकदोघींनी हात वर केले. ती त्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघत होती. मी पुढे गेले, तिच्या हातातली छडी घेतली आणि मुलींना म्हटलं, "संपलं असेल तर 'उतू गेलं' म्हणावं. म्हणजे जे गेलं ते पुन्हा भरून येतं. म्हणा सगळ्या." सगळ्या एका सुरात ओरडल्या, "उतू गेलं!" लाकडी बैलांच्या घंटा हलल्या असतील इतक्या जोराने.

मुली गेल्यावर तिने विचारलं, "लोकु अम्मा, ऑगस्टपासून?" मी म्हटलं, "हो गं." ती म्हणाली, "बी पण?" मी नुसती मान हलवली. मग ती रडली. मी तिला म्हटलं, "रडू नकोस, तू पाटी बरोबर लिहिली आहेस. एक अक्षर चुकलेलं नाही." त्याने ती जास्तच रडली.

मी बोलले नाही, तुमचा शब्द मोडला नाही. पाटीच बोलली.

आता रागावू नका. पुढचं ती तुम्हाला लिहील. तिने लिहिलेलं नीट, चष्मा लावून वाचा.

तुमची,
यसवती


अहंगम,
३० ऑक्टोबर १९९६

आदरणीय महप्पा,

मी तुमच्या पाया पडते आणि मग लिहायला बसते.

मी माफी मागणार होते, पण लोकु अम्मा म्हणते, "माफी मागू नकोस, त्यांना माफी घेता येत नाही, ते लगेच खोकायला लागतात." म्हणून फक्त काय घडलंय तेवढं सांगते.

उद्या लॉरी निघते आहे. तीच, कणगी न्यायला येणार होती ती. पण ती रिकामी येणार नाही. तिच्यात दोन प्रकारची पोती आहेत. पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली खायची, ती माझ्याकडून आहेत. तुमच्या घरात मी लहानपणी सुट्ट्यांमध्ये किती जेवले आहे ते मला आठवतं आणि तुम्हालाही आठवतं, तेव्हा त्यावर वाद नको.

लाल दोऱ्याने शिवलेली पोती पेरायची आहेत. ती कुणी दिलेली नाहीत, ती तुमचीच आहेत. तुम्ही मागे मला जी हीनटीची एक जुडी दिली होती, तिचंच हे वाढलेलं बी. दर वर्षी आमच्या वाफ्यात शाळेच्या मुलांसमोर उगवलं, कापलं, मडक्यात ठेवलं. साहेबांना विचारायला गेले, तर मला वाटलं, कागद मागतील. ते स्वतः मडकी उचलून पोत्यांत ओतायला लागले आणि म्हणाले, "संग्रहालय कशासाठी असतं, मिस? ज्याचं आहे त्याला लागेल तेव्हा सापडावं म्हणून."

इथे पाऊस सुरू झालाय. लोकु अम्मा रोज अंगणात येऊन उत्तरेकडे बघते आणि म्हणते, "चाललाय, चाललाय, आमच्या दिशेने चाललाय." तुमच्याकडे पोचला असेल तर पेरा. नसेल तर लोकु अम्मा लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून येते आहे, ती पावसालाही सोबत घेऊन येईल.

कणगी तिथेच राहू द्या. मला ती नको.

तुमची,
सेव्वंदी


गल्वेव,
२२ मार्च १९९७

पोरी सेव्वंदी,

मला पत्रं लिहिता येत नाहीत. तुझी लोकु अम्मा लिहिते, मी वाचतो, असं आमचं ठरलेलं आहे. पण ती म्हणाली, हे तुम्हीच लिहा.

लॉरी आली त्या दिवशी मी रागावलो होतो. पोती बघून नाही, पोती बघायच्या आधीच. तुझ्या ड्रायव्हरने उतरताच विचारलं, "काका, कणगी रिकामी आहे का? पोती आत ओतू?" मी म्हटलं, "उतू गेली आहे." तो आपल्या बाजूचा, महवचा निघाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि एक पोतं खांद्यावर घेतलं. मग मला रागावता येईना. तू गॉलच्या शाळेत एवढी शिकलीस, आणि ड्रायव्हरने एका शब्दात ओळखलं, असं मी तुझ्या लोकु अम्माला म्हणालो. ती म्हणाली, "मग लिहा ना तिला तसं." म्हणून लिहिलं.

पांढऱ्या दोऱ्याच्या पोत्यातलं पहिलं शिजवलं त्या दिवशी मी तीनदा वाढून घेतलं. ते माझ्याकडून लिहिलं गेलं, कुठे पाटीवर लावू नकोस.

पाऊस आला. तलावातला तो कपड्यांचा दगड पुन्हा पाण्यात गेला. लाल दोऱ्याचं बी मी माझ्या हाताने पेरलं. मळणीच्या दिवशी खळ्यावर मी सगळ्यांना सांगितलं, हे बी समुद्राकाठी शिकून आलंय. आपलंच बी, पण लोंबी जरा लांब आहे. तुमच्या वाफ्यातल्या पाण्याचा गुण असेल, किंवा पोरांच्या ओरडण्याचा.

तुझी ती पाटी मी पाहिलेली नाही, पण यसवतीने मला ती तोंडपाठ म्हणून दाखवली. चांगली आहे. माझ्यानंतर हे कुणाच्या तोंडात राहणार याची मला काळजी होती. एवढ्या पोरींच्या तोंडात राहिलं. मला फार बरं वाटलं.

आता कणगीचं. ही देता येत नाही. तिला काम आहे. पण तुझी खोली रिकामी (हा शब्द कागदावर चालेल, तोंडाने म्हणू नकोस) राहू नये असं मला वाटतं. नवीन वर्ष झालं की मी येतो. वेत इथून आणतो, तिकडच्या वेताचा मला भरवसा नाही. शेण आणि माती तुम्ही तयार ठेवा. तुझ्या साहेबांना म्हणावं, मांजराला मुखवट्यांच्या खोलीतून हलवा, त्याला खरं काम येतंय. तुझ्यासमोर आणि त्या पोरींसमोर विणीन. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी हात लावायचा, तुमच्या त्या बाईंना तसं सांगून ठेव.

तू विचारणार, म्हणून इथल्या कणगीची अवस्था लेखी कळवतो. या खेपेला नीट वाच. कणगीत थोडंसं आहे.

तुझा,
महप्पा

ता. क. मी, लोकु अम्मा. ते लिहितात तसं अगदी थोडंसंच आहे गं. इतकं थोडंसं, की वरची टोपी बसेना.